पुड्यांत गेलेली सोनाटा

मी स्वीडनमधल्या हूडिक्सवाल गावी हेडस्ट्रोमांच्या घरी कामाला लागले तेव्हा टेक्लाबाईंच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. खाली बंदराच्या बाजूला मालकांचं, म्हणजे आल्गोट हेडस्ट्रोमांचं, औषधांचं दुकान आणि वर घर. बाई पाद्र्याची लेक, स्टॉकहोमला राहून संगीतरचना शिकून आलेल्या. मालकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पियानो वाजवताना, आणि तिथेच भुलले. सुरुवातीला पाहुण्यांना हौसेने बोलावून ते स्वतःच त्यांना वाजवायला बसवायचे.

मग स्टॉकहोमच्या प्रकाशकाने बाईंची गाणी छापली. गावात मालकांना ‘गाणेवालीचा नवरा’ म्हणायला लागले. लाकूडवखारीतले गडी खोकल्याचं औषध घेतानाही मुद्दाम ती गाणी गुणगुणायचे. मालक गिऱ्हाइकांसमोर हसायचे. वर आले की मात्र बटाटा सोलता सोलता सालीबरोबर निम्मा कापून टाकायचे.

आधी पियानोला कुलूप लागलं. “तुझी तब्येत नाजूक आहे,” मालक म्हणाले. पुढच्या वर्षी पियानोच विकला.

बाई स्वयंपाकघरात येऊन माझ्या टेबलावर लिहू लागल्या. मी हेरिंग मासे साफ करत एका कडेला सरकायचे. त्यांना सगळं मनातच ऐकू यायचं. ओठ हलायचे, बोटं टेबलावर सांडलेल्या पिठातून धावायची. अशी एक सोनाटा, पियानोवर वाजवायची लांबलचक रचना, कित्येक हिवाळे चालली. पुरी झाली त्या दिवशी बाईंनी मला शेजारी बसवून कॉफी पाजली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इंगेल कोळीण मागच्या जिन्याने स्वयंपाकघराच्या दाराशी आली. हातात डोकेदुखीची उघडलेली पुडी.

“काय गं स्वेआ, तुमच्या साहेबांकडचे कागद संपले की काय? हे बघ, माश्या बसून गेल्यासारखे ठिपके!”

बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी पुडी घेतली, वरची पावडर फुंकरीने उडवली आणि कागद उजेडात धरला.

“सोनाटाच्या दुसऱ्या भागाचा शेवट आहे हा,” एवढंच म्हणाल्या, आणि जिना उतरून दुकानात गेल्या. मी मागोमाग.

दुकान भरलेलं होतं. मालक पुड्या बांधत होते.

“आल्गोट, बाकीची पानं कुठे आहेत?”

“गेली की. गावात तापाची साथ आहे, टेक्ला. कागद असा वाया घालवू नये माणसाने.” मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, “बघा हो, माझ्या बायकोच्या संगीताने शेवटी कुणाची तरी डोकेदुखी थांबली!”

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. मला भीती वाटली ती त्यांच्या त्या हसण्याची.

पुढची बरीच वर्षं त्या घरात वरच्या आवाजात कुणी बोललंसुद्धा नाही. मग एका ऑगस्टमध्ये, पाहुण्यांबरोबर गोड्या पाण्यातल्या शेवंडी खायला बसले असताना मालकांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, घरात शांतता ठेवा.

आठवड्याच्या आत चार हमालांनी नवा पियानो वर चढवला. बाईंनी तो मालकांच्या पलंगाच्या पायथ्याशी लावून घेतला.

“बाईसाहेब, डॉक्टरांनी शांतता सांगितलीय,” मी म्हटलं.

“शांतता पुष्कळ झाली या घरात, स्वेआ.”

सकाळी सुरू व्हायच्या. गोड काही नाहीच. एकच ओळ पुन्हा पुन्हा, मोडून, उलटी करून, पुन्हा. मालक डाव्या मुठीने पलंगाची फळी ठोकायचे. बाई थांबून ऐकायच्या.

“लय धावतेय तुझी, आल्गोट,” असं म्हणून पुन्हा वाजवायला लागायच्या.

काही दिवसांनी ते ठोके संगीतातच आले. खालच्या सुरांत, अगदी तसेच अडखळत. मालकांनी ते ओळखलं. मी त्यांना सूप भरवत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात जायला लागलं.

“त्यांना मागच्या खोलीत हलवू का?” मी विचारलं.

“तुला दया येते त्याची?”

“येते, बाईसाहेब.”

“येऊ दे. या घरात कुणाला तरी यायलाच हवी.”

बंदरातला बर्फ फुटायला लागला त्या सुमारास मालक गेले. बाई वाजवत होत्या. फळीवरचा हात निपचित पडलेला मी पाहिला.

“बाईसाहेब, मालक गेले.”

“एवढं पान होऊ दे,” त्या म्हणाल्या. आणि पान पुरं केलं.

ती नवी रचना स्टॉकहोमला वाजली आणि गाजली. वर्तमानपत्रात छापून आलं की खालच्या सुरांतले ते हळवे ठोके म्हणजे मृत्युशय्येवरच्या पतीचं हृदय, आणि एका पत्नीची निष्ठा त्यात ऐकू येते. आमच्या पाद्रीबाबांनी तो मजकूर चर्चमध्ये वाचून दाखवला. बायकांनी डोळे पुसले.

“असं प्रेम नशिबानेच मिळतं हो,” इंगेल बाहेर पडताना मला म्हणाली. 

त्यानंतर बाईंनी नवं काही लिहिलं नाही. प्रयत्न केला, पण कागद कोरेच राहायचे. दुकान विकून गावातल्या मुलींना पियानो शिकवायला लागल्या. चूक झाली की पट्टीच्या कडेने बोटांवर मारायच्या. मुली रडत घरी जायच्या. पण गावात त्यांच्या तोडीचं शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून आया मुलींचे डोळे पुसून, वेण्या नीट करून त्यांना परत पाठवायच्या, आणि दार मीच उघडायचे.