दोन गाड्या आणि जादा पाटे

९ जानेवारी. आजचं काम: छोटी गाडी घ्यायची की मोठी पिकअप, याचा निकाल लावणे.

एवढंच लिहून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे छोटी, उजवीकडे पिकअप. तासाभरात दोन्ही बाजू भरल्या आणि निकाल काही लागला नाही. छोटी डिझेल कमी खाते, सुटे भाग कुठंही मिळतात, बोळात शिरते. पिकअप घाट दमदार चढते, जास्त वर्षं टिकते, विकताना किंमत चांगली येते. एका रकान्यात एक ओळ वाढली की दुसऱ्यात आपोआप एक वाढायची.

माझी उसाच्या रोपांची रोपवाटिका आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवर आमचं गाव. कराड जवळ, इस्लामपूरही जवळ. उसाच्या कांडीवरच्या एकेका डोळ्याचं, म्हणजे कोंबाचं, रोप ट्रेमध्ये वाढवायचं, महिना-सव्वा महिन्याचं झालं की शेतावर पोचवायचं. रोपाला वय असतं. आठवडाभर उशीर झाला की मुळं ट्रेमध्ये गुंडाळली जातात, मग ते रोप शेतात उभं राहतं पण वाढत नाही. म्हणून या धंद्यात गाडीला महत्त्व.

आमची गाडी छोटी. आठ वर्षांपूर्वी नवी घेतलेली. हौद्यात चार मजल्यांची लोखंडी मांडणी बसवून घेतली होती, तिच्यावर साठ ट्रे बसतात. शेवटच्या दीड वर्षात तिनं पार वैताग आणला. कधी मांडणीचं वेल्डिंग सुटायचं, कधी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा बोल्ट तुटायचा, हौद्याच्या पत्र्याला तर दोन ठिकाणी चीर गेली होती. मागच्या हंगामात पाटणच्या अलीकडे ती रस्त्यात बसली आणि एका सुभेदारांची रोपं दोन दिवस उशिरा पोचली. पोचली तीही झडलेली. मुळांभोवती नारळाच्या भुशाचा, कोकोपीटचा, लाडू असतो, तो फुटला की मुळं उघडी पडतात. त्यांच्या दोन एकरांत रोपं मरून जागोजागी तुटाळ पडली. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. आवाज न चढवता बोलतात, त्यामुळं जास्त लागतं.

या वर्षी त्यांनी चार एकरांची रोपं सांगितली होती. फोनवर म्हणाले, "ताई, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहिली खेप. टाइम म्हणजे टाइम. या बारीला झडलेली रोपं आली तर मी रोपांचा नाद सोडून कांडी लावून मोकळा होतो. आमच्या खोऱ्यातली बाकीची मंडळी माझ्याच वावराकडं बघून ठरवणारायत."

म्हणजे पाच-सहा दिवस होते. सुभेदार गेले की सगळं खोरं गेलं. गाडी भाड्यानं घ्यायचा उपाय नव्हता, कारण भाड्याच्या गाडीत मांडणी नसते आणि ट्रेवर ट्रे रचले की शेंडे मोडतात.

माझे यजमान साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. वही त्यांच्यापुढं सरकवली.

"यात इचार काय करायचा?" ते म्हणाले. "छोटी पाऊण टनाची, पिकअप दीड टनाची. दीड टनाचीच घ्यायची."

"मला टन न्यायचे नाहीत. रोपं न्यायचीत."

"मग रोपाला वजन नसतं व्हय?"

असतंच. आमच्याकडं घर, बैल, पाहुणा, सगळ्याचा अंदाज टनात करायची पद्धत आहे. तीस वर्षं मीही तेच ऐकत आले आहे.

दुसऱ्या दिवशी कागद बाजूला ठेवून जमिनीवर बघायचं ठरवलं. दोन्ही गाड्यांच्या हौद्यांची मापं फोनवरून मागवली आणि अंगणात फक्कीनं आखली, कबड्डीचं मैदान आखतात तशी. आमचे ड्रायव्हर टेप धरायला होते. पन्नाशीचे आहेत, पहिल्या दिवसापासून हीच गाडी चालवतात. आखलेल्या चौकटीत मी रिकामे ट्रे मांडले. छोटीत एका मजल्याला पंधरा. पिकअपमध्ये तीस. मी पुन्हा मोजले. पिकअप जेमतेम दोन फूट जास्त लांब आणि हातभरसुद्धा जास्त रुंद नाही, तरी दुप्पट ट्रे. छोटीत कडेला वीत-दीड वीत जागा वाया जात होती, तिथं अर्धा ट्रे बसत नाही. पिकअपमध्ये माप नेमकं जुळलं होतं. चार मजले म्हणजे एकशेवीस ट्रे. एक एकर एका खेपेत.

"झालं तर," मी म्हटलं. "पिकअप."

ड्रायव्हर फक्कीच्या रेघेवर उभे राहून म्हणाले, "वैनी, सुभेदारांच्या वावराला कालव्याच्या पाटाकडंनं वाट हाय न्हवं? तिथं आपली छोटीच कशीबशी वळती. ही एवढी गाडी आत घातली तर उलटी बाहेर काढायला लागंल."

"मग वाटेच्या तोंडाशी उतरवायची."

"आन् एकशेवीस ट्रे डोक्यावरनं कुणी न्यायचं? सुभेदारानं?"

मी आत गेले आणि वहीत दोन्हीकडे एकेक ओळ वाढवली.

१२ तारखेला सांगलीला गेले. माधवनगरच्या एका गिऱ्हाइकाचे वीस ट्रे द्यायचे होतेच, म्हणून आमच्याच गाडीतून निघालो. वाटेत मनात आलं, हेच ट्रे दोन्ही गाड्यांत घालून बघावेत. शोरूममध्ये दोन्ही गाड्या फिरवून बघायला मिळत होत्या. तिथल्या माणसानं आधी अर्ज भरायला घेतला.

"मॅडम, तुमचा माल साधारण किती टन असतो?"

"एक टन," मी सांगून टाकलं. विचारसुद्धा केला नाही.

वाटेत सुटलेली रोपं दाबून बसवली, पिकअपमध्ये वीस ट्रे खाली पसरले आणि शहराबाहेरच्या खडीच्या रस्त्यानं चार किलोमीटर जाऊन आलो. गाडी दणकट होती, यात वाद नाही. पण मागून सारखा ट्रे आपटल्याचा आवाज येत होता. परत येऊन पाहिलं तर दर ट्रेमधली तीन-चार रोपं वर उचलली गेली होती. एक उपटून हातात घेतलं तर लाडू चिरलेला.

"मॅडम, ही रिकामी असली की थोडी उडते," तो माणूस म्हणाला. "माल भरला की बसते."

"माल भरलाय की."

त्यानं हौद्यात डोकावून बघितलं. "हा माल?"

मग उचललेली रोपं खाचेत दाबून बसवली आणि तेच ट्रे नव्या छोट्या गाडीत. तोच रस्ता, चालवणारे आमचे ड्रायव्हरच. परत आलो तेव्हा एकही रोप हललं नव्हतं. मी ट्रे तिरके करून बघितले. ड्रायव्हरनीही बघितले.

आता मात्र मी चक्रावले. आमची गाडी याच जातीची. तीच कंपनी, तोच हौदा. आमच्या गाडीत रोपं झडतात, बोल्ट तुटतात, पत्रा फाटतो आणि म्हणून मी वहीत छोट्या गाडीच्या नावानं "भरवशाची नाही" असं ठळक लिहिलं होतं. मग ही का उडत नाही? नवी आहे म्हणून? पण आमची तर नवी असतानाही दणके द्यायची. पहिल्या वर्षापासून रोपं थोडीफार झडतच होती. मी ते रस्त्याच्या नावावर टाकत आले.

सांगलीहून परतताना ड्रायव्हरना हेच विचारलं. आमची गाडी खड्ड्यातून गेली आणि दोघांची डोकी टपाला लागता लागता राहिली.

"आपल्या गाडीला पाटं वाढवलेत की वैनी," ते म्हणाले. "कडक लागणारच."

"कधी वाढवले?"

"तुमीच वाढवायला लावलेत. गाडी आणली त्याच दिवशी. शोरूममधनं सरळ मिस्त्रीकडं, मिस्त्रीकडनं देवळात."

खरं होतं. आमच्या भागात नवी गाडी आली की आधी मागच्या चाकांवरचे पाटे वाढवून घेतात, मग नारळ फोडतात. ऊस, खत, सिमेंट, काय भरावं लागेल सांगता येत नाही, म्हणून आधीच कणा कडक करून ठेवायचा. दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे. तेव्हा मिस्त्री तीन-तीन म्हणत होता, मी दोनवर आणला होता आणि आपण शहाणपणा केला असं मला वाटलं होतं. पुढं काय भरणार, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

तरी माझी खात्री पटत नव्हती. साठ ट्रे पाणी प्यालेले असतात. मांडणीवर चढवताना बायकांची कंबर धरते. एवढं वजन असल्यावर पाटे दबत का नाहीत?

१४ तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, सकाळी रिकामी गाडी मांडणीसकट कारखान्याच्या काट्यावर नेऊन वजन लिहून घेतलं. घरी येऊन साठ ट्रे भरले, सुभेदारांच्याच पहिल्या खेपेचे, आणि दुपारी पुन्हा काट्याकडे. पुढंमागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मधोमध आमची हिरवीगार गाडी. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हाक मारली.

"मावशी, गाळपाला कोथमीर आणली व्हय?"

"तुझ्या उसापेक्षा साखरेचा उतारा जास्त देईल," मी म्हटलं.

काट्याच्या खिडकीत यजमान बसले होते. आकडा बघून त्यांनी सकाळचा कागद पुढं घेतला, वजाबाकी केली, मग पुन्हा केली.

"गाडी खाली घे. परत चढव. काटा अडकलाय."

परत चढवली. काटा अडकला नव्हता. साठ ट्रेंचं वजन भरलं एकशे नव्वद किलो.

"दोन क्विंटलसुद्धा न्हाई," ते म्हणाले. "आठ वर्सं तू एवढंच नेतीस?"

"आठ वर्षं तुम्ही मला टनातच सांगताय."

मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. त्यांनी खिडकीतून मला तिळगूळ दिला आणि गाडी पुढं घ्यायला सांगितलं.

म्हणजे पाऊण टनाला बनवलेली गाडी आम्ही सव्वा टनाची करून तिच्यात दोन क्विंटल नेत होतो. पाटे दबायचे नाहीत, मग प्रत्येक खड्डा मांडणीला, पत्र्याला आणि रोपांना बसायचा. वेल्डिंग, बोल्ट, चिरा, झडलेली मुळं, सगळ्याचं मूळ एकच. गाडी बिघडत नव्हती, आम्ही तिला बिघडवली होती. आणि आता मी दीड टनाची घेऊन तोच उद्योग आणखी मोठ्या मापात करायला निघाले होते. पाटे वाढवलेली पिकअप कशी उडाली असती, याचा विचारही नको.

संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. सकाळी लवकर गॅरेज उघड म्हटलं. तो म्हणाला, "ताई, पाटं काढायला आजवर कोण आलं न्हाई माझ्याकडं. सगळी घालायलाच येत्यात."

"मग मी पहिली."

यजमानांनी जेवताना आडकाठी घातली. "उद्या किंक्रांत, कर हाय. करीला चांगलं काम सुरू करीत न्हाईत."

"सुरू कुठं करतोय? काढतोय."

ते हात धुवायला उठले. पण जाता जाता विचारलंच, "मग गाडी कुठली घ्यायची ठरली?"

मी वही उघडली. पिकअपमध्ये एक एकर एका खेपेत जातो, हे खरंच होतं. तिचे पाटे मऊ करून घेता येतील का, हे मिस्त्रीला विचारायला हवं होतं. छोटी पाटाच्या वाटेनं आत जाते, हेही खरं होतं. आठ वर्षं चुकीच्या कारणानं शिव्या खाल्लेली गाडी भरवशाची की बिनभरवशाची, हे तर मला आता मुळीच कळत नव्हतं. वहीतली "भरवशाची नाही" ही ओळ मी खोडली. तिच्या जागी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून जागा तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ट्रे उतरवून ठेवले आणि रिकामी गाडी घेऊन गॅरेजला गेलो. दीड तासात चारही जादा पाटे निघाले. गाडी मागून दोन बोटं खाली बसली. मिस्त्री म्हणाला, पाटे भंगारात घालू नका, लोहाराला द्या, चांगले कोयते होतील. मी ते सीटमागं ठेवले. घरी येऊन काट्यावरच्या फेरीत सैल झालेली रोपं बदलली, साठ ट्रे पुन्हा भरले, ड्रायव्हरना चाळीसच्या वर न्यायची नाही असं बजावलं आणि स्वतः शेजारी बसले.

पाटाच्या वाटेच्या तोंडाशी सुभेदार घड्याळ बघत उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला, मागं गेले, मधल्या मजल्यावरचा एक ट्रे ओढून त्यातलं रोप उपटलं. लाडू अख्खा होता. त्यांनी आणखी एक उपटलं, मग आणखी एक. तिन्ही रोपं परत खाचेत बसवली आणि लागणीला आलेल्या बायकांना सऱ्या मोकळ्या करायला सांगितलं.

"दुसरी खेप कधी?" त्यांनी विचारलं.

"दुपारी दोनला," मी म्हटलं आणि ट्रे उतरवायला लागले.