मावशीचं नाक

काडेपेटी मुठीत धरून मावशी आधी स्वयंपाकखोलीच्या बाहेर यायची. पायरीवर उभी राहायची, हनुवटी वर करायची, डोळे मिटायची आणि नाक हळूहळू उजवीकडून डावीकडे फिरवायची. मग म्हणायची, "थांबा जरा बाई. आदी वाऱ्याला इचारू दे." वाऱ्याची हरकत नसली की आत जाऊन चूल पेटवायची.

मी त्या शाळेत नवीन होते. खालापूर तालुक्यातली दोन शिक्षकी शाळा, तीस-बत्तीस मुलं. शाळेच्या मागे नाला आणि नाल्याच्या पलीकडे पेट्रोल-डिझेलच्या टाक्यांचा डेपो. पांढऱ्या, गोल, आमच्या शाळेपेक्षा चौपट उंच टाक्या. मावशी शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. तिच्या या वारा विचारण्यात दहा-दहा मिनिटं जायची, खिचडीला उशीर व्हायचा आणि मी चिडायचे. एकदा मी म्हणाले, "मावशी, वारा काही बोलत नाही हो."

"बोलतो की," ती म्हणाली. "तुमाला आयकू येत नाय. सवय नाय तुमाला."

तिला सवय कशी लागली, ते तिने पुढे कधीतरी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. तिचा नवरा ठेकेदाराकडे होता, टाक्या आतून धुवायच्या कामावर. संध्याकाळी तो घरी आला की त्याचे कपडे ती वेगळ्या घमेल्यात भिजवायची. "सदरा हुंगला का मला कळायचं, आज पेट्रोलच्या टाकीत उतरला का डिझेलच्या. तळाचा गाळ काढला आसंल तर येगळाच वास. सडक्या अंड्यावानी." ती तांदळातला खडा शोधत राहिली. "मग येक दिवशी नुसता सदराच घरी आला."

एवढंच. पुढची मूठ तिने ताटात पसरली.

मी आले त्याच वर्षी मुंबईहून एका मंडळाची दोन माणसं गावात आली. डेपोजवळच्या गावांनी आपली हवा आपण तपासावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शाळेच्या पत्र्याखाली एक डबी बसवली. हवा बिघडली की तिच्यावर लाल दिवा लागायचा. शिवाय एक झाकणाची बादली दिली. तिच्यात मोठी पिशवी, वर छोटा पंप. वास आला की पंप मारायचा, पिशवीत हवा भरायची, तोंड बांधायचं आणि मुंबईला तपासायला पाठवायची. आणि एक वही. कधी वास आला, वारा कुठून होता, कोणाचं डोकं दुखलं, हे सगळं त्यात लिहायचं.

हे काम कोण करणार, असं गावच्या सभेत विचारलं तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. महिन्याभरात ते सगळे हात खाली आले. कोणाचा मुलगा डेपोत होता, कोणाचा टेंपो डेपोवर लागलेला. उरली मावशी. तिला सहीपुरतं लिहिता येत होतं, म्हणून वही माझ्याकडे आली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या अंगातली एखादी गोष्ट जन्मभर कोणी विचारलेली नसते आणि अचानक कोणीतरी विचारतं. मावशीचं तसं झालं. मंडळाचा तरुण इंजिनियर तिच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि ती त्याला वास समजावून सांगायची. पेट्रोल पंपावरचा वास. नव्या पत्र्याच्या डब्याचा वास. ढेकणाच्या औषधाचा वास. "आणि ह्यो येक गोड हाय. पिकल्या आंब्यासारका. ह्येच्यापासून लांब राहायचं रं बाळा, ह्यो चांगला वाटतो." इंजिनियर भराभरा लिहून घ्यायचा.

एकदा ती फुगलेली पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसली, खोपोलीला मंडळाच्या माणसाकडे द्यायला. कंडक्टर म्हणाला, "आजी, पिशवीत काय हाय?" "हवा हाय," मावशी म्हणाली. "आमच्या गावची. मुंबईला चालली तपासाय." एसटी हसली. मावशीसुद्धा हसली, पण पिशवीवरचा हात तिने काढला नाही.

डेपोतले एक साहेब शाळेत येऊन गेले. गोड बोलणारे होते. "मावशी, अहो पेट्रोल पंपावर पण वास येतोच की. तिथे कोणाला काही होतं का?"

"पंपावर मी झोपत नाय, सायेब," मावशी म्हणाली. "आन् पंपावर माझी पोरं अ आ इ शिकत नायत."

मला खरी भीती तिने घातली ती एका थंडीच्या सकाळी. वारा पडलेला होता. ती नाल्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, ह्यो वास धुरासारका वर नाय जात. पाण्यासारका खाली उतरतो. नाल्यानं येतो, जमिनीवरनं सरपटतो. तुमच्या-माझ्या नाकाशी यायच्या आदी पोरांच्या नाकाशी येतो. पोरं बुटकी असत्यात ना." त्या दिवसानंतर वर्गात जमिनीवर बसलेल्या मुलांची नाकं किती खाली आहेत, तेच मी बघत राहायचे. मी पहिलीच्या मुलांना नाल्याच्या बाजूच्या भिंतीपासून उठवून दरवाज्याकडे बसवलं. त्याने काय होणार होतं, कोण जाणे.

संक्रांतीच्या आधी एकदा मी शाळा उघडली तर डबीवर लाल दिवा होता. मलाच इतका वास येत होता की डोळे चुरचुरले. मावशी पायरीवर उभी होती. हनुवटी वर, डोळे मिटलेले. नाक फिरवत होती. मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. डोळस माणसाने डोळे उघडावेत आणि समोर अंधारच असावा, तसा.

"बाई, तुमाला येतो काय?"

"येतो की. केवढा येतोय."

ती आत गेली. मी मागे गेले तर तिने फिनेलच्या बाटलीचं झाकण उघडून नाकाशी धरलं होतं. मग लसूण ठेचून धरली. मग सुकी मिरची. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास आला नाही. "काय बी नाय," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "काय बी नाय गं बाई, काय बी नाय."

कर्जतच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, वयाने असेल, मागच्या तापाने असेल, त्या वासानेच नाक मारलं असेल. सांगता येत नाही. परत येईल का, तेही सांगता येत नाही.

पण मावशीला झोंबत होतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वही काडा." आम्ही पानं उलटत बसलो. गेल्या तीन आठवड्यांत तिने सांगितलेलं आणि मी लिहिलेलं: वास नाही. वास नाही. वास नाही. ते दिवस खरंच स्वच्छ होते, की नाक आधीच गेलं होतं? त्यातले काही दिवस तर डबीची बॅटरीही संपलेली होती. तीन आठवडे रोज सकाळी ती बाहेर येऊन हुंगत होती आणि निर्धास्तपणे काडी ओढत होती.

"लिवा," ती म्हणाली. "ह्या पानांवर लिवा, माझं नाक बंद हुतं, ही पानं खरी धरू नका."

इंजिनियर फोनवर घाबरला. म्हणाला, असं लिहिलंत तर डेपोवाले सगळी वहीच खोटी ठरवतील. मावशीने फोन माझ्या हातातून घेतला. "बाळा, खोटं ठेवून पोरं वाचत्यात का रं?" मी लिहिलं. तिने खाली सही केली, एकेक अक्षर दाबून.

त्यानंतर काडी ओढण्याआधी ती मला बोलवायची. "बाई, या. तुमचं नाक आना." मी हुंगायचे, ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मला हसू यायचं, कधी कंटाळाही यायचा.

आता जे सांगते, ते मी फार थोड्यांना सांगितलं आहे.

माघातली सकाळ होती. मुख्याध्यापक बैठकीला गेलेले. डबीची बॅटरी पुन्हा संपलेली. मुलं पुढच्या पटांगणात प्रार्थनेला उभी होती. मावशीने हाक मारली. मला दोन दिवस सर्दी होती. नाक चोंदलेलं. ते सांगावं, एवढंही मला सुचलं नाही. मला मुलांकडे परत जायची घाई होती. मी पायरीवर जाऊन नाक वर केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "काही नाही मावशी. पेटवा."

ती आत वळली. काडी बाहेर काढलेली. आणि मागच्या खिडकीतून तिची नजर नाल्यावर गेली.

"बाई," ती एकदम हळू म्हणाली. "येवढ्या थंडीत नाल्यावर ऊन का हालतंय?"

मी पाहिलं. नाल्यावरचं गवत हलत नव्हतं, पण गवतावरची हवा हलत होती. वैशाखात तापलेल्या डांबरावर हलते, तशी. अंगावर स्वेटर घालायच्या थंडीत.

मावशीने काडी पाण्याच्या बादलीत टाकली. मग काडेपेटीही टाकली. "पोरं काडा. टेकडीवर. देवळाकडं. चपला राहू द्या. कोनी फोन लावू नका, कायच लावू नका." तिचा आवाज चढलेला नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आम्ही मुलांना हाताला धरून टेकडीवर चढवलं. अर्ध्या वाटेवर दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, केवढा पंपासारका वास येतोय." मला अजूनही येत नव्हता. वर गेल्यावर मुलं तीनदा मोजली. मावशी त्यांच्यात नव्हती.

ती खाली रस्त्यावर होती. नाल्यावरच्या मोरीच्या अलीकडे, दोन्ही हात पसरून, एका मोटारसायकलवाल्यासमोर. तो ओरडत होता, ती हलत नव्हती. शेवटी त्याने गाडी बंद केली आणि ढकलत मागे नेली. मागून टेंपो येत होता, तोही तिने थांबवला. धावत जाऊन डेपोच्या फाटकावर निरोप दिला, तो त्याच मोटारसायकलवाल्याने. मग भोंगा वाजला, आग विझवायच्या फेसाची गाडी आली. पाइपाचा एक सांधा सुटला होता, म्हणे, आणि पेट्रोल गटारातून नाल्यात उतरत होतं. दुपारपर्यंत सगळं आवरलं. काही पेटलं नाही, कोणाला खरचटलं नाही. कागदावर 'किरकोळ गळती' असं आलं.

मुलं घरी गेल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या हातातला रुमाल बघत म्हणाली, "बाई, तुमाला सर्दी हाय?"

मी मान हलवली. मला रडू फुटलं. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सांगत जा. नाय येत तर नाय येत म्हनावं. त्याची लाज नसती."

होळीनंतर तालुक्याला त्या गळतीची सुनावणी झाली. अधिकाऱ्याने वहीतली तीच पानं उघडली. "नाक गेलेल्या बाईच्या नोंदी आम्ही धरायच्या कशा?"

मावशी उभी राहिली. "नाक हुतं तवा तुमी आला नाय, सायेब. आता गेलंय, तर ते कुटं गेलं त्ये इचारा की."

फार मोठं काही घडलं, असं मी सांगणार नाही. डेपोचं गटार नाल्यापासून तोडलं. शाळेजवळ खांबावर सरकारी यंत्र बसलं, ते कधी चालतं, कधी नाही. टाक्या तिथेच आहेत. मीही तिथेच आहे.

मावशी मात्र त्या पावसाळ्यात खंगत गेली. चार पावलं चालली की धाप लागायची, दंडावर आपोआप निळे डाग पडायचे. पनवेलच्या दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणाले. का कमी आहे, ते कोणी म्हणालं नाही. दिवाळीनंतर तिची मुलगी तिला शेलूला घेऊन गेली, नव्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. तिथून दोन महिन्यांनी मुलीचा फोन आला. त्या फोनच्या आधी एकदाच मी भेटून आले, ती आमची शेवटची भेट.

ती खिडकीशी बसली होती, अगदी लहानशी झालेली. मांडीवर मुलीची तान्ही लेक. शाळेतल्या एकेकाची चौकशी झाली. मग मुलगी चहा टाकायला आत गेली, तशी ती माझ्याकडे झुकली.

"बाई, येक काम करा. हिच्या टाळूचा वास घ्या न् मला सांगा. मला येत नाय. आज तुमाला सर्दी नाय ना?"

"नाही मावशी. आज नाही."

मी वाकून त्या इवल्या टाळूवर नाक टेकलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"दुधाचा येतोय," मी म्हणाले. "आणि तेलाचा."

तिचा हात एकदम बाळावर घट्ट झाला. "कसल्या तेलाचा?"

"खोबरेल, मावशी. खोबरेल तेलाचा."

ती कितीतरी वेळ माझा चेहरा तपासत राहिली. मग तिने श्वास सोडला आणि म्हणाली, "परत येकदा घ्या. नीट घ्या."

मी परत घेतला.