आमाच्या मुलाचं नाक

पडदा सरकला, टाळ्या वाजल्या आणि आमा म्हणाली, “ये कौन है?”

आमा म्हणजे भिलाईजवळच्या चरोद्यातली आमची शेजारीण. नेपाळीत आईला आमा म्हणतात, म्हणून सगळी कॉलनी तिला तेच म्हणते. तिचा मुलगा गोरखा पलटणीत होता. कारगिलला गोळ्या चालू असताना त्यानं दोन जखमींना पाठीवर घेऊन खाली आणलं. तिसऱ्यासाठी परत चढला, तिथंच गेला. त्याचा पुतळा भिलाईच्या चौकात बसणार होता. आमाला त्याचं तोंड एकदा पुन्हा बघायचं होतं, बाकी काही नाही. फोटो तिनं स्वतः नेऊन दिला होता.

आणि पुतळ्याला धारदार नाक, पिळदार मिशा, मोठाले डोळे! मूर्तिकाराकडे शिपायाचा साचा तयारच असतो, त्यातच सिमेंट ओतलेलं. मी समितीच्या अध्यक्षांना गाठलं. ते शाळेत आमाच्या मुलाच्याच वर्गातले.

“काका, फोटो दिला होता न?”

“पाह्यला न वं पोरी फोटो. पण वीर वीरासारखा दिसाले नको का? चपटं नाक ठेवलं असतं तर लोक म्हणले असते, चौकीदार बसवला.”

मागचे खिदळले. शाळेत हेच लोक त्याला ‘चिनी’ म्हणून बदडायचे. आमानं मला ते भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, सहज. म्हणजे सीमेवर मरायला तो चेहरा चालतो, चौकात चालत नाही.

आम्ही बौद्ध वस्तीतले. पुतळा काय असतो हे आम्हाला कुणी शिकवू नये. आमच्याकडे पुतळ्याच्या चष्म्याला तडा गेला तरी त्या दिवशी चूल पेटत नाही. मी पत्रकं छापली, बाजारात वाटली: ‘शहिदाला त्याचा चेहरा परत द्या!’

समितीनं मागणी मान्य केली. आमाला हात धरून आणलं, पुतळ्यासमोर खुर्चीवर बसवलं. मला वाटलं, नवीन मूर्ती आली असेल. आला तो मिस्त्री, छिन्नी-हातोडा घेऊन.

“बस न माय,” काका म्हणाले, “तुले पायजे तसंच करून राह्यलो.”

आधी मिशा उडाल्या. मी शिडी ओढायला धावले तर दोघांनी मला दंडाला धरून मागं खेचलं. मग नाक. ते एका घावात निघेना, मिस्त्री ठोकत राहिला. शेवटी मुळासकट पडलं आणि आतली गंजकी सळई बाहेर दिसू लागली.

“घ्या! झाला का नाही आता गोरखा?”

केवढा हशा. एकानं मोबाइलवर शूटिंग केलं. त्याच तोंडाखाली हार घातला आणि मंडळी चहाला गेली.

“आमा, आपण कलेक्टरकडे जाऊ, मी सोडणार नाही यांना,” मी म्हणत होते. आमा खुर्चीवरून उठली नव्हती.

“पहलेवाला पराया था, बेटी,” ती म्हणाली. “पर उसको मेरे सामने किसी ने मारा तो नहीं था.”