बैल आणला की चोरला

टेमघरला माझा मराठी टायपिंगचा क्लास होता. खाली कापडाचे लूम, वर आम्ही. शुक्रवारी लूम बंद असायचे, खडखडाट नसायचा, म्हणून एक निवृत्त न्यायाधीश शुक्रवारीच यायचे. मूळचे गणेशपुरीकडच्या भातशेतीवाल्या घरातले, पुढे पार उच्च न्यायालयापर्यंत गेलेले. पंच्याहत्तरी उलटली होती, हात थरथरायचा. म्हणून ते आपलं आयुष्य सांगायचे आणि मी टाईप करायची.

न्यायाधीशाचं आयुष्य म्हणजे निकालांची यादी असेल असं मला वाटलं होतं. पण त्यांची पहिली नेमणूक राज्याच्या पूर्वेच्या टोकाला, जंगलात. राज्य तेव्हा नुकतंच झालेलं. कोर्ट म्हणजे शाळेची एक खोली. नदीला पूर आला की पोलीस, वकील, आरोपी सगळे एकाच काठावर अडकून पडायचे आणि एकाच चुलीवरचा भात खायचे.

“आरोपी पळून नाही जायचे?” मी टायपिंग थांबवून विचारलं.

“जाणार कुठं, बाई? पूर तर त्यांनापण होता.”

तिथली भाषा आपण वर्षभरात शिकलो, असं ते सांगून गेले आणि लगेच पुढच्या बदलीबद्दल बोलू लागले. माझं कुतूहल काही गप्प बसेना. “साहेब, दोन वर्षांत बदली होणार हे ठाऊक असताना एवढा खटाटोप कशासाठी केलात?”

 ते “आज पुरे,” म्हणून उठले. पुढच्या शुक्रवारी आलेच नाहीत. मला वाटलं, माझ्या तोंडानं काम घालवलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, “मशीनमध्ये कागद घाला.”

एका माणसावर बैलचोरीचा खटला होता. त्याला मराठी येत नव्हती आणि साहेबांना त्याची भाषा. कोर्टाचा शिपाई दुभाषा म्हणून उभा राहायचा, कारण दुसरं कुणी नव्हतंच. आरोपी बराच वेळ बोलला. शिपायानं एवढंच सांगितलं, “बैल मी चोरला, म्हणतोय.” साहेबांनी सहा महिन्यांची शिक्षा दिली.

“एवढा वेळ बोलला आणि वाक्य एकच निघालं, हे खटकलं होतं मला. पण मी विचारलं न्हाय.” एरवी त्यांचं मराठी अगदी पुस्तकी, पण त्या ‘न्हाय’मध्ये गाव आलं.

खटकलेलं मनातून जाईना. शाळेतल्या गुरुजींना ती भाषा येत होती. साहेब रोज संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला बसू लागले. दोनेक महिन्यांत थोडंफार कळायला लागल्यावर ते जेलमध्ये गेले आणि त्या माणसाला म्हणाले, पुन्हा सांग. तो म्हणाला, बैल जंगलात भरकटला होता, वाघानं खाल्ला असता, म्हणून मी घरी आणला. शिपायाला ती भाषा अर्धीच येत होती. त्यानं ‘आणला’चा ‘चोरला’ केला होता.

सही झालेला निकाल साहेबांना स्वतःला बदलता येत नव्हता. त्यांनी वरच्या न्यायाधीशांना सगळं लिहून कळवलं, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलं आणि त्या माणसाला जेलमधून अपील करायला लावलं. माणूस सुटला, पण तोवर चार महिने आत गेले होते. साहेब त्याच्या गावी गेले आणि त्याच्याच भाषेत माफी मागितली.

“काय म्हणाला तो?”

“म्हणाला, आधीच शिकला असतास तर माझी पेरणी चुकली नसती.”

पुढे प्रत्येक कोर्टात ते आधी दुभाष्याची परीक्षा घ्यायचे. वकील वैतागायचे, वेळ मोडतो म्हणून तक्रारीही गेल्या. उच्च न्यायालयातही ही सवय सुटली नाही.

पानं वाचून त्यांचा मुलगा क्लासवर आला. तोही वकील. “बाबा, एवढं मोठं करिअर तुमचं. लोक हेच एक पान धरून बसतील.”

“बसू दे,” साहेब म्हणाले. “बाई, एक अक्षर काढायचं नाही.”

 मी पानं फाईलला लावली. साहेब जिल्हा न्यायालयातल्या बदलीपासून पुढे सांगू लागले आणि मुलगाही स्टूल ओढून ऐकत बसला. थोड्या वेळानं माझ्याआधी त्यानंच विचारलं, “मग त्या शिपायाचं काय केलंत?”

“त्याला माझ्याबरोबर गुरुजींकडे बसवलं,” साहेब म्हणाले. “माझ्यापेक्षा लवकर शिकला.”