मामांच्या गावातून उचललेला बोर्ड

शाल आणि नारळ या दोन वस्तूंचा मला मनापासून वीट आलाय. का, ते सांगतो.

मी सांगलीच्या विश्रामबागेत राहतो आणि कारखान्यांतल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझे मामा निवृत्त सुभेदार. पाटणजवळच्या गावी ते अभ्यासिका चालवतात. पोलीस आणि सैन्यभरतीची मुलंमुली तिथं ऑनलाइन सराव परीक्षा देतात. तिथले तळहाताएवढे आठ कॉम्प्युटर, म्हणजे नुसते बोर्ड, मीच सुचवले होते.

बनवणाऱ्यांनी ते विकले, कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर म्हणून स्वतःची ठिगळं लावलेलं एक जुनं लिनक्स सोबत दिलं आणि पुढचं मॉडेल बाजारात आणून याची ओळखच विसरले. धंद्याची ही रीत मला ओंगळ वाटते. तो बोर्ड जगवला कुणी, तर परदेशातल्या एका माणसानं. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. लिनक्सची जी मूळ, जगभर एकच असलेली आवृत्ती आहे, जिला मेनलाइन म्हणतात, तिला हा बोर्ड ओळखायला त्यानं शिकवलं, तेही नोकरी सांभाळून, फुकट. त्याच्या चर्चेच्या पानावर आपल्याकडची मंडळीही असायची. लिहायची काय, तर ‘सर, अर्जंट आहे, लवकर करा.’ घरगड्याला सांगावं तसं.

एकदा त्यानं कळवलं की त्याचा स्वतःचा बोर्ड जळाला. नवी आवृत्ती आली की कुणीतरी ती खऱ्या बोर्डावर चालवून बघायची असते. या खेपेला कुणी पुढं आलं नाही, तर नव्या लिनक्समधून या बोर्डाचा आधार काढून टाकणार, असं त्यानं लिहिलं. तसं झालं असतं तर आठही कॉम्प्युटर जुन्यावरच अडकले असते, आणि आज ना उद्या परीक्षेची साइट त्यांच्यावर उघडायची बंद झाली असती. माझ्याकडचा बोर्ड आधीच्या घडणीचा, त्याची नेटवर्कची चिप वेगळी. हवे ते बोर्ड मामांकडेच होते. मी नवी आवृत्ती एका मेमरी कार्डात भरून पाठवली. कार्ड घालायचं, चालू करायचं, नेट येतं का बघायचं आणि पडद्याचा फोटो धाडायचा, एवढंच काम.

‘चाललंय ते कशाला हलवायचं रं?’ मामा फोनवर म्हणाले.

‘मामा, पुढंही चालावं म्हणूनच.’

‘मग अभ्यासिकेच्या समितीत ठराव घ्यावा लागंल.’

काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. ‘झाला बग ठराव.’

‘कार्ड घातलं?’

‘न्हाई रं. तुजा सत्कार ठरलाय.’

मी गेलो ते दुसरं कार्ड खिशात घालूनच. आठही बोर्ड एका टेबलावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. हळद यूएसबीच्या खाचांत शिरली होती. पाहुणे उशिरा आले आणि ‘आपल्या भाच्यानं बनवलेला कॉम्प्युटर’ यावर बोलत राहिले. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की यातलं काहीही मी बनवलेलं नाही, ज्यानं केलं तो माणूस दूर आहे, आणि त्याला फक्त अधूनमधून कार्ड घालून बघणारं कुणीतरी हवंय. तुमच्यातलं कोण करेल, असंही विचारलं. टाळ्या पडल्या, पण उठलं कुणीच नाही. मला किळस आली.

कार्यक्रम संपल्यावर मामांना म्हटलं, एक बोर्ड आता इथंच लावून बघू. मांडववाला वायरी गुंडाळत होता. ‘जेवणं खोळंबल्यात, आता न्हाई,’ मामा म्हणाले.

ते वाढप्यांकडे वळले तसा मी कडेचा बोर्ड उचलला, सत्काराच्या शालीत गुंडाळला आणि न जेवता सांगलीला आलो.

घरी कार्ड घालून बघितलं तर नेट येतच नव्हतं. पडद्यावरचे संदेश मी त्या माणसाला पाठवले. त्यानं दुरुस्ती केली, मी पुन्हा चालवून बघितलं, या वेळी नेट आलं. बोर्डाचा आधार टिकला. इथून पुढं तपासणार कोण, असं त्यानं विचारलं. चरफडत मी माझं नाव दिलं.

मग मामांचा फोन. ‘एक कॉम्प्युटर कमी भरतोय.’

‘माझ्याकडं आहे. बाकीचे सात चालू राहावेत म्हणून आणलाय.’

‘इचारायचंस तरी, लेका. गावात तोंड दाखवायची सोय न्हाई ठेवलीस.’

बदल्यात मी माझा स्वतःचा बोर्ड कुरिअरनं पाठवला. तो उत्तम चालतो. समितीनं तो ‘वापरलेला’ म्हणून कपाटात टाकलाय. सोबत धाडलेली कार्डं मात्र घातली गेली, त्यामुळे सात कॉम्प्युटर नव्या आवृत्तीवर चालतात. आठव्या जागेवरची मुलगी पोलीसभरतीचा सराव शेजारणीच्या पडद्यावर मान वाकडी करून करते, आणि सत्काराला येऊन कॉम्प्युटर चोरणारा मीच, असं तिलाही सांगितलेलं आहे.