तांब्याभर पाण्याचं भाषण

नाना गेल्याची बातमी घेऊन शाळेचा शिपाई आला, तेव्हा मी पोरांची वक्तृत्वाची तालीम घेत होतो. एक पोरगा मूठ आवळून, छताकडे बघत कडाडत होता. शिपाई दारात उभा, आणि मी त्याला हातानं खुणावतोय... थांब जरा, एवढं होऊ दे. नानांना हे कळतं तर पोट धरून हसले असते. मी गणिताचा मास्तर. ही तालीम नानांची. निवृत्त होताना त्यांनी ती माझ्या गळ्यात मारली आणि वर म्हणाले, तुला भाषण करता येत नाही ना, मग तूच बरा. त्या वेळी राग आला होता. आता महिना उलटून गेलाय, आणि राग यावा असं बोलणारंच कुणी उरलेलं नाही.

देवपुरातल्या आमच्या शाळेत नाना मराठी शिकवायचे, पण सगळं धुळं त्यांना ओळखायचं ते सभेतून. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशीचं त्यांचं भाषण ऐकलेली माणसं अजून त्यातली वाक्यं म्हणून दाखवतात. भोंगा नाही, काही नाही, नुसता गळा! नाना बोलायला उभे राहिले की माणसं चुना मळता मळता थांबायची. मी त्यांचं शेपूट. फिरकीचा तांब्या खांद्याला अडकवून मागे मागे हिंडायचो, आणि टाळ्या पडल्या की आपल्यालाच पडल्यासारखी छाती फुगवायचो.

त्यांची बहीण एरंडोलला दिलेली. एका उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिच्याकडे होतो, तेव्हा जवळच्या एका गावचं बोलावणं आलं. त्या गावात नारूनं कहर केला होता. ज्यांनी नारू पाहिला नाही ते भाग्यवान. पिण्याच्या पाण्यातून तो पोटात जातो, वर्षभरानं पायातून बाहेर येतो, पांढरा दोऱ्यासारखा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. तो येतो नेमका पेरणीच्या तोंडाशी. गावाला पायऱ्यांची विहीर, बाया पाण्यात उतरून घागरी भरायच्या. उपाय एवढाच, की पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं. हेच नानांनी सांगायचं होतं.

सांगितलं, आणि काय सांगितलं! रामायणापासून सुरुवात केली. पारावर गडी माणसं दाटीवाटीनं बसलेली, हसत काय होती, डोळे काय पुसत होती. मध्येच नानांचा घसा सुकला. मी फिरकी उघडेपर्यंत त्यांना दम कुठला, टेबलावर पाटलांनी ठेवलेला तांब्या उचलला, घटाघटा रिकामा केला आणि पुढच्या वाक्याला भिडले. भाषण संपल्यावर पाटलांनी उठून त्यांचे हात धरले.

सकाळी गाडी जुंपेपर्यंत चहाला आम्हाला गावातल्या भागाबाई नावाच्या म्हातारीकडे नेलं. तिचा थोरला ओसरीवर खाटेवर, पाय बांधलेला. धाकटा भिका तेवढा घरात चालता, आणि पाऊस तोंडावर आलेला. सभेला भिका आला होता. ती कुठून येणार? गावातली एकही बाई आली नव्हती, आणि पाणी भरणार, गाळणार त्या बायाच. नानांनी सहज विचारलं, भिकानं काल घरी येऊन काय सांगितलं? म्हातारी कौतुकानं म्हणाली,

"मना पोऱ्या सांगे, मास्तर भलता गोड बोलना. आन आपली इहीरनं पानी तांब्याभर पिधं त्यासनी. मंग गायानं कसाले?"

मास्तरच आपल्या विहिरीचं पाणी तसंच प्यायले, मग गाळायचं तरी कशाला! नानांचा कप हातातच राहिला. त्यांनी तिथेच तिला समजवायला सुरुवात केली, आणि म्हातारी लेकराचं ऐकावं तसं हसत ऐकत राहिली. तुम्हाला कुठं काय झालं, मास्तर? या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. परतताना गाडीतून एरंडोल दिसायला लागल्यावर म्हणाले, "सभा पारावर होत नाही रे. घरी गेल्यावर होते. आपण तिथे नसतो."

पुढच्या उन्हाळ्यात नानांच्या घोट्यावर फोड आला.

धुळ्यात, पांझरा नदीच्या काठी नळाचं पाणी पिणारा माणूस. मागच्या उन्हाळ्यात त्या एकाच गावी गेलेला. फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही. नानांचा चेहरा मात्र... कसं सांगू, उत्तर सापडलेल्या माणसाचा होता. म्हणाले, चल. मी भांडलो, घरी वहिनी रडल्या, कुणाचं ऐकतील तर नाना कसले! एरंडोलपर्यंतचा प्रवास आणि पुढे बैलगाडी. प्रत्येक धक्क्याला ते माझा दंड आवळायचे.

या वेळी त्यांनी आधीच निरोप धाडला होता, बाया आल्या नाहीत तर मी परत जाईन. तोच पार, तेच टेबल, तोच तांब्या. बाया एका अंगाला पदर ओढून बसलेल्या. भिका दोघांच्या खांद्यावर हात टाकून आला. त्याच्याही पायाला फडकं होतं. त्याला पाहिलं आणि नानांनी क्षणभर डोळे मिटले. मग आपला पाय उचलून टेबलावर ठेवला, पट्टी सोडली. काडीला गुंडाळलेला नारू तिथे दिसत होता. त्या गावात तो ओळखायला कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

"मांगला साल आठेच तांब्याभर पानी पिधं व्हतं मी," नाना पायाकडे बोट दाखवत म्हणाले. "हाई ते."

मग खांद्यावरचं उपरणं दुहेरी केलं, दुसऱ्या भांड्यावर धरलं आणि तांब्यातलं पाणी ओतलं. धार उतरेपर्यंत कुणी हललं नाही. मला वाटलं, आता बोलतील... नाना ते पाणी प्याले आणि खाली बसले. पाटील गोंधळून म्हणाले, नाना, भाषण? नाना म्हणाले, झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही भागाबाईकडे गेलो. या वेळी काही विचारावं लागलं नाही. घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं बांधलेलं होतं. नाना ओसरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. एवढा मोठा वक्ता, हजारोंच्या टाळ्या पचवलेला... एका फडक्यापुढे रडला. तेव्हा या माणसापुढे मी मनातल्या मनात हातच जोडले.

त्यानंतर ते सभेत थोडक्यातच बोलायचे. धुळ्यात लोक कुरकुरायचे, नानांचा जोर ओसरला. आणि सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, न चुकता, सभेला न आलेल्याच्या घरी जाऊन विचारायचे, काल काय झालं म्हणे? बक्षीस मिळवून आलेल्या पोरांनाही हेच, ढाल ठेव बाजूला, आधी तुझ्या आईला विचार तू काय बोललास.

शोकसभेला भिका आला होता, जरा लंगडत. त्यानं बोलावं म्हणून मी आग्रह केला, त्यानं मान हलवली. आम्ही पाच जण बोललो. माझं बरं झालं असं मलाच वाटत होतं. शेवटी अध्यक्ष उठणार तोच भिका पुढे गेला. वक्त्यांसाठी ठेवलेला तांब्या त्यानं उचलला, उपरणं दुहेरी केलं, पाणी गाळून भांडं नानांच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि जागेवर येऊन बसला. सभेत चुळबुळ झाली. कुणाला काही कळलं नाही. मला पुढचं दिसेना.

सकाळी शेजारच्या मावशींकडे गेलो. गुडघ्यांमुळे त्या घराबाहेर पडत नाहीत; सभेला त्यांचा मुलगा होता. विचारलं, काल काय झालं म्हणे?

त्या म्हणाल्या, "भाषणं झाली म्हणे बरीच. आणि कुणी एक खेड्यातला माणूस उठला, त्यानं पाणी गाळलं." मग निवडायचं सूप बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "का हो मास्तर, का गाळलं त्यानं?"

मी चपला काढल्या, त्यांच्या ओट्यावर बसलो आणि सांगायला लागलो.