दुसरी वाटी

सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंची एक सवय होती. कुणाच्याही घरी जेवायला जावोत, कितीही आग्रह होवो, रश्शाची वाटी त्या एकदाच घेत. दुसऱ्यांदा कुणी वाढायला आलं की वाटीवर पालथा हात. कधी काळी त्यांनी आपणहून वाटी पुढं केलीच, तर त्या घरची बाई वर्षभर गल्लीत सांगत सुटायची. तोंडानं 'छान झालंय' म्हणणं त्यांच्या गावीच नव्हतं. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मी केलेल्या कशालाही ती वाटी दुसऱ्यांदा पुढं आली नव्हती.

माझं माहेर गारगोटी. "गारगोटीकडं तिखट कळतंय, चव कळत न्हाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, तेही मी समोर उभी असताना. बुधवारी आणि रविवारी घरात मटण असायचं. मसाला मी वाटायचा, नारळ मी खवायचा, दूध मी पिळायचं. ते दूध पांढऱ्या रश्शात ओतायची वेळ आली की मात्र हुकूम यायचा, जा, गच्चीवरचं वाळवण बघून ये. वाळवण असो नसो. नारळाचं दूध पडलं की रस्सा मंद आचेवर एकसारखा हलवत राहावा लागतो. जरा नजर हलली, खळखळून उकळी आली, की फाटलाच. रस्सा हलवायचा तो डाव त्यांना माझ्या हाती द्यायचा नव्हता. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, मला तर मीठ घालायलाच कुणी देत नव्हतं.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. मुंबईची एक पार्टी काम द्यायला आली आणि ह्यांना स्टेशनकडच्या नव्या हॉटेलात जेवायला घेऊन गेली. तिथं चायनीज मिळायचं. कोल्हापुरात तोवर चायनीज म्हणजे काय ते आम्हाला ऐकूनच माहीत. हे घरी आले ते त्याच धुंदीत, आणि आठ दिवस दुसरं बोलणं नाही. शेवटी एका संध्याकाळी आम्हा दोघींनाही घेऊन गेले. रश्शाशिवाय जेवण कसलं, असं कुरकुरतच आत्याबाई निघाल्या, पण ठेवणीतलं इरकल नेसून निघाल्या.

काय ते हॉटेल! आत पाऊल टाकलं आणि मे महिन्याची काहिली दाराबाहेरच राहिली. छताला लाल कागदी कंदील, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन, पायाखाली मऊ गालिचा. आत्याबाईंनी दारातच चपला काढल्या. दारवानानं हसण्यावारी न नेता त्या उचलून नीट कडेला लावून ठेवल्या, ते मला फार आवडलं. टेबलावरच्या वाट्या चिनी मातीच्या, पांढऱ्याशुभ्र, काठावर निळे मासे रंगवलेले. चमचेसुद्धा मातीचेच. समोर काचेपलीकडं स्वयंपाकघर दिसत होतं आणि त्यात एकजण हातभर जाळावर कढई झुलवत होता. मी बघतच राहिले. स्वयंपाक हे असं चारचौघांनी बघण्यासारखं काम आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा सूप आलं. मक्याचं आणि कोंबडीचं, पांढरट, वाफाळतं, त्यात अंड्याचे बारीक धागे तरंगत होते. आत्याबाईंनी आधी वास घेतला, मग चमचा तोंडात घातला. वाटी संपली. तेवढ्यात वेटर भात घेऊन आला, तर त्यांनी ती रिकामी वाटी त्याच्यापुढं धरली.

माझा चमचा हातातच राहिला. ह्यांनी घाईघाईनं आणखी एक सूप मागवलं, कारण तिथं ते वाटीगणिक मागवायचं असतं आणि आत्याबाईंच्या हिशेबी तो रस्सा होता. रस्सा मागवत नाहीत, तो वाढायचाच असतो. दुसरी वाटी त्यांनी सरळ भातावर ओतली, कालवली आणि हातानं जेवायला लागल्या. मग तिसरी. मग चौथी! खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट झाला. चार वर्षं मी ह्या बाईपुढं ताटं मांडतेय आणि कोण कुठला परका माणूस, त्याला चार वाट्या. सूप चांगलंच होतं, पण मला ते गिळवेना.

चौथ्या वाटीला वेटरनं आत जाऊन काहीतरी सांगितलं असावं. कारण काचेमागचा तो स्वयंपाकीच हात पुसत बाहेर आला. कलकत्त्याचा चिनी माणूस, पन्नाशीचा, बुटका. काही चुकलं का म्हणून तो घाबरून उभा राहिला. "पावणं, बसा की," असं म्हणून आत्याबाईंनी खुर्ची दाखवली. तो बसला नाही, पण त्याचा चेहरा सैलावला.

आमच्या गल्लीत निम्मी घरं मुसलमानांची, त्यामुळं आत्याबाईंची हिंदी चांगली दणकट होती. हाडं किती वेळ शिजवली, हे त्यांनी आधी विचारलं. सकाळपासून, तो म्हणाला. मग त्यांनी चमच्यावर अंड्याचा एक धागा उचलून धरला आणि ह्यात गुठळी कशी होत नाही ते विचारलं. त्यानं हवेतच हात फिरवून दाखवला. आच कमी करायची, धार बारीक सोडायची, एकाच बाजूनं हलवायचं आणि नजर काढायची नाही. आत्याबाई मान हलवत होत्या. दोघं एकाच शाळेतली निघाली होती. हे सगळं कुणी शिकवलं, असं त्यांनी शेवटी विचारलं. आईनं, तो म्हणाला. लहान असतानाच तिनं हातात पळी दिली होती. तेव्हा तू कधी नासवलं नाहीस का, असं त्यांनी विचारल्यावर तो हसला.

"बिगाडे बगैर कौन सीखता है, माँजी?"

पुढं नूडल्स आल्या, कोंबडी आली, सगळं एकापेक्षा एक होतं आणि आत्याबाईंनी सगळं खाल्लं, पण त्यांचं लक्ष काचेकडं होतं. परत येताना रिक्षात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. बिंदू चौक गेल्यावर एकदम म्हणाल्या, "माझ्या सासूनं मला कदी दुसऱ्यांदा वाटी फुडं केली न्हाय. मरस्तवर न्हाय." माझ्याकडं बघून नाही, रस्त्याकडं बघत.

त्यानंतरच्या बुधवारी मी नारळाचं दूध पिळलं आणि सवयीनं गच्चीकडं निघाले. आत्याबाईंनी डाव माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन सोप्यात बसल्या. मी हलवत राहिले. आच किती ठेवावी कळेना, आणि त्यांनी बाहेरून काही सांगावं म्हणून एकदा, एकदाच, दाराकडं बघितलं. तेवढ्यात उकळी आली. रस्सा फाटला. पातेल्यात वर पाणी आणि त्यात पांढरे कण. मी पदरानं डोळे पुसले आणि तसाच वाढला, दुसरं करणार काय?

त्यांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, खाली मान घालून वाटी संपवली. मी डाव घेऊन नुसती उभी होते. त्यांनी रिकामी वाटी उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"फाटलाय ओ, आत्याबाई," मी म्हणाले.

"दिसतंय की मला," त्या म्हणाल्या. "वाढ."